वाकडी मिरची आणि मुकी बुरशी

वहिनींबरोबर बाजारात जायचं म्हणजे घरची कामं आधी उरकून निघावं लागतं. वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. टोमॅटोच्या ढिगासमोर त्या उभ्या राहिल्या की एकेक टोमॅटो उचलून उजेडात धरतात, देठापाशी हलकंच दाबून बघतात आणि बहुतेक सगळे परत ठेवतात.

भाजीवाला आता त्यांना ओळखून आहे. "बाई, टोमॅटो घेताय की जावई शोधताय?"

"जावई असता तर एवढा वेळ घेतला नसता," वहिनी म्हणतात. "तो काही चिरायचा नसतो."

मामंजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, त्यांचं नाव 'पारखी' ठेवलं होतं. कापड वहिनींनी निवडायचं, भाडेकरू वहिनींनी पसंत करायचा, आणि गॅलरीतल्या कुंड्यांमधल्या कुठल्या मिरचीचं बी पुढच्या वर्षासाठी ठेवायचं, तेही वहिनींनीच सांगायचं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासूनची ही वाटणी. झाडं वाढवायची सासूबाईंनी, निवडायचं थोरलीनं आणि खायचं बाकीच्यांनी.

त्यांचं नोकरीचं काम मात्र समुद्रातल्या विषांचं आहे. हे कळल्यावर नवी माणसं जरा बेतानंच चहाचा कप उचलतात.

स्पंज म्हटला की आपल्याला भांडी घासायचा आठवतो. समुद्रातला स्पंज हा जिवंत प्राणी. खडकाला चिकटून जन्म काढायचा, पळायला पाय नाहीत, चावायला दात नाहीत, अंगावर कवचही नाही. मग तो टिकतो कशावर? विषावर. त्याला तोंड लावणाऱ्याची खोड मोडेल अशी रसायनं त्याच्या अंगात असतात. आणि पुष्कळदा ती त्याची स्वतःचीही नसतात. त्याच्या अंगातल्या भोकाभोकांत बारीक बुरश्या राहतात, त्या ती बनवतात.

वहिनींनी हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे भाडं नाही, पण राखण करायची. बरा घरमालक शोधलाय."

वहिनींचा जीव जडला होता तो एका मळकट तपकिरी स्पंजावर. बंदराबाहेरच्या खडकावरून पाणबुड्यानं तो आणून दिला होता. त्यातली एक बुरशी त्यांनी वेगळी काढून काचेच्या बशीत वाढवली आणि तिचा अर्क एका जंतूवर टाकून पाहिला. तो जंतू दवाखान्यांतून जखमांत शिरणारा, कुठल्याच औषधाला न जुमानणारा. बशीभर त्याची साय पसरलेली, मधे अर्काचा एक ठिपका, आणि दुसऱ्या दिवशी ठिपक्याभोवती लख्ख रिकामं वर्तुळ. तेवढ्या जागेत जंतू औषधालाही उरला नव्हता.

याच जंतूनं मामंजींना नेलं होतं. मोडलेलं हाड नीट बसलं, ऑपरेशन चांगलं झालं, आणि मग जखम चिघळली ती भरलीच नाही. त्या दिवसांत वहिनी दवाखान्यात त्यांच्या पायथ्याशी बसून असायच्या. पुढे त्यांनी याच जंतूवर काम का घेतलं हे घरात कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतंच.

तर ते वर्तुळ दिसलं आणि नशिबानं पाठ फिरवली. जहाजांसाठी बंदराचा गाळ उपसला, तो त्याच खडकावर जाऊन बसला आणि स्पंजाची वसाहत गाडली गेली. प्रयोगशाळेतली गोठणपेटी, म्हणजे डीप फ्रीझर, एका सुट्टीत बंद पडली आणि सुरुवातीच्या बुरशीच्या जपून ठेवलेल्या नळ्या नासल्या. राहिली ती बश्यांमधून वाढवत आणलेली बुरशी. ती जगली, फोफावली, कापसासारखी पांढरीशुभ्र झाली. पण वर्तुळ मात्र लहान होत होत एक दिवस उमटेनासंच झालं. वहिनी तिला 'मुकी' म्हणायला लागल्या.

साहेब, म्हणजे त्यांच्या विभागाचे प्रमुख, माणूस वाईट नाही, पण जीभ तिखट. "बाई, बुरशी दिसते छान. पण आपण काही फुलांचं प्रदर्शन भरवत नाही."

उन्हाळा सरताना तपासणी समिती येणार होती. तोवर वर्तुळ दिसलं नाही तर काम बंद, फडताळातल्या सगळ्या बुरश्या वाफेच्या भट्टीत, आणि वहिनींची बदली पिण्याच्या पाण्याच्या तपासणीकडे.

"पाण्याचं काम काय वाईट आहे?" भाऊजींनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्यानं, समजुतीनं विचारलं.

"वाईट नाही. पण तिथे काही सापडलं नाही की लोक खूश. मला काहीतरी सापडायला हवंय."

मग त्यांनी त्या बुरशीचे काय काय लाड केले! मीठ वाढवून पाहिलं, कमी केलं. ऊब दिली, गारवा दिला, अंधारात ठेवली, उपाशी ठेवली. बुरशी ढिम्म. घरात वहिनी बोलेनाशा झाल्या. एकदा तर बाजारातून न निवडता भाजी घेऊन आल्या, तेव्हा भाऊजी खरे घाबरले.

"ती बुरशी बोलत नाही तर नाही," सासूबाई म्हणाल्या, "तू तरी बोल."

अशाच एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. सासूबाईंनी गॅलरीतली ताजी मिरची तोंडी लावली आणि चावता चावता थांबल्या.

"थोरले, ही मिरची आहे की काकडी?"

"मोठी झालीय ना पण?" वहिनी म्हणाल्या. "रंग बघा. कशी चकचकीत आहे."

"चकचकीत तर फरशीही असते. ती कुणी चावत नाही."

असं म्हणून त्या उठल्या, गॅलरीत गेल्या आणि कपडे धुवायच्या यंत्राच्या मागून एक मिरची तोडून घेऊन आल्या. करंगळीच्या नखाएवढी, वाकडी, सुरकुतलेली.

"ही कुठली?" वहिनींनी विचारलं.

"तुझ्या परीक्षेत नापास झालेली. दरवर्षी तू खुरटी झाडं उपटायला सांगतेस, त्यातलं एक मी मागं लपवून ठेवते. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. पण मला जेवायला तिखट लागतं बाई."

भाऊजींनी मोठ्या तोऱ्यात ती मिरची अर्धी चावली. मग त्यांना जी उचकी लागली ती पाण्याचा तांब्या संपेपर्यंत थांबली नाही. आम्ही हसून हसून बेजार. वहिनींनी उरलेली अर्धी जिभेवर ठेवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आम्हाला वाटलं, तिखट लागलं.

"आई," त्या म्हणाल्या, "मीच घालवला."

"काय घालवलंस?"

"तिखटपणा. दरवर्षी सगळ्यांत मोठ्या, गुळगुळीत मिरचीचंच बी ठेवत गेले."

"मिरचीच ती. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"मिरचीचं नाही हो बोलत मी."

आणि ताट तसंच टाकून त्या हात धुवायला उठल्या. परत आल्या त्या बोलतच. बुरशी एका बशीतून दुसऱ्या बशीत हलवताना नेहमी चांगला ठिपका उचलायचा असतो, गुबगुबीत, पांढरा, भराभर वाढणारा. त्यांच्या धंद्यात सगळे तेच करतात, शिकवतातच तसं. पण विष बनवायलाही ताकद लागते. जी विष बनवत बसते ती खुरटी राहते, जी अंग धरते तिनं ते काम सोडलेलं असतं. समुद्रात अशी आळशी बुरशी टिकली नसती. बशीत तिला कुणी शत्रूच नव्हता, उलट वहिनी दरवेळी तिलाच पहिला नंबर देत होत्या.

"आणि माझ्याइतकं काटेकोर निवडणारं तिथे दुसरं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून माझीच सगळ्यांत लवकर मुकी झाली."

त्यांनी बुरशीचे बीजकण पाण्यात अगदी विरळ कालवून नव्या बश्यांवर पसरले, म्हणजे एकेका कणाची वेगळी वाढ दिसावी. ती दिसायला लागल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मला म्हणाल्या, "धाकटे, माझ्याबरोबर चल."

"मी येऊन काय करू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला नकोच आहे. माझा हात सवयीनं चांगल्याकडेच जातो. गेला की खाकर."

लांबट खोली, काचेची फडताळं, कोपऱ्यात स्पिरिटचा वास. मला पांढरा कोट दिला, तो घोट्यापर्यंत. वहिनी दिव्याच्या ज्योतीशेजारी बसल्या, बुरशी उचलायची तार लाल होईपर्यंत तापवली, गार होऊ दिली आणि बशीचं झाकण उचललं. आत पांढरे ढगच ढग, आणि त्यांच्यामध्ये दबून बसलेले थोडे तपकिरी, सुरकुतलेले, चपटे ठिपके. तार निघाली ती सरळ पांढऱ्या ढगाकडे. मी खाकरले. वहिनी हसल्या. तार पुन्हा निघाली, पुन्हा तिकडेच. मी पुन्हा खाकरले.

"सर्दी झालीय का गं?"

"तुम्हीच सांगितलंत म्हणून."

"हो गं. सुटत नाही सवय." मग त्यांनी दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरलं आणि तार त्या सगळ्यांत कुरूप ठिपक्याला टेकवली. "ये बाई," त्या हळूच म्हणाल्या. "तुला आजवर कुणी विचारलं नाही."

कुरूप बुरश्या वाढायला इतका वेळ घेत होत्या की साहेबांनी येता-जाता विचारावं, "बाई, या जिवंत आहेत ना?" पण त्यांच्या खालचं खाद्याचं पाणी हळूहळू चहासारखं तांबूस होऊ लागलं, आणि वहिनी घरात गुणगुणायला लागल्या. समिती येण्याच्या आदल्या दिवशी अर्काचे ठिपके जंतूंच्या बश्यांवर ठेवले. त्याआधी काढता येण्याजोगा अर्कच झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी न खाता गेल्या. मी आणि सासूबाई फोनजवळच भाजी निवडत बसलो. भाजी केव्हाच निवडून झाली होती, आम्ही तीच पुन्हा निवडत होतो.

फोन वाजला. "आईंना दे," वहिनी म्हणाल्या.

मी फोनचा आवाज मोठा केला.

"आई, तुमची वाकडी पास झाली."

"किती मार्कांनी?" सासूबाईंनी विचारलं. आवाज अगदी करडा.

"पहिल्या वर्तुळाहून मोठं आहे. पट्टी लावून बघितलं. पाच खुरट्यांपैकी चारजणी बोलल्या."

समितीपुढे काय झालं ते संध्याकाळी भाऊजींनी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. जाड चष्म्याचे एक वयस्क सदस्य बुरशीची बशी नाकाजवळ धरून म्हणाले, "ही तर टाकून देण्यासारखी दिसते."

"मी आजवर तेच करत होते, सर," वहिनी म्हणाल्या आणि जंतूंची बशी पुढे केली.

ते वर्तुळ बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बशी हातोहात सगळ्यांकडे फिरली. मग आपण ठिपके कसे निवडतो, हे प्रत्येकजण दुसऱ्याला दबक्या आवाजात विचारायला लागला. काम चालू राहिलं. शिवाय साहेबांनी स्वतःच्या खोलीतलं एक फडताळ रिकामं करून दिलं आणि बाकीच्या विभागांतल्या मुक्या बुरश्याही वहिनींकडे पाठवायला सांगितलं. "त्यांच्यातल्या कुरूप शोधा, बाई," ते म्हणाले. "तुमच्याइतकी निवड कुणाला जमायची?"

त्या दिवशी वहिनींनी यंत्रामागची कुंडी बाहेर काढून गॅलरीत उन्हाच्या जागी ठेवली. चकचकीत मिरच्या बिचाऱ्या कडेला सरकल्या.

"याचं औषध होणार ना?" सासूबाईंनी विचारलं. त्यांची नजर भिंतीवरच्या मामंजींच्या फोटोकडे होती.

"लगेच नाही, आई. बशीतलं वर्तुळ वेगळं, माणसाचं अंग वेगळं. आधी ते विष माणसाला सोसतं का ते बघायचं. वर्षं जातील."

"जाऊ देत," सासूबाई म्हणाल्या आणि कुंडीत पाणी घातलं. "आता बोलायला लागलीय ना ती? मग ऐकायला आहोत आपण."