बारा महिन्यांचा अनुभव

कोणत्याही धातूच्या वस्तूला हात लावायचा झाला, की ते आधी हाताची उलटी बाजू लावायचे. दाराची मूठ असो, प्रोजेक्टरचं स्टँड असो, कॉफीची मोठी किटली असो. बोटं मागच्या बाजूने हलकेच टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच निर्धास्तपणे वस्तू धरायची. कोणी विचारलं तर सांगायचे, "करंट असला अन् तुम्ही तळहात लावला, तं मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात असला तं झटका बसून मागे येतो. माणूस वाचतो."

इथे कॅनडात, हॅमिल्टनमध्ये, विद्यापीठाच्या किटलीत करंट कुठून येणार, असं मी एकदा त्यांना म्हणालो. "पाहून घेतलेलं बरं," ते म्हणाले आणि कॉफी ओतायला लागले.

मी तेव्हा विद्युत अभियंत्यांच्या एका व्यावसायिक संस्थेच्या हॅमिल्टन शाखेचा सेक्रेटरी होतो. ज्याला वेळेवर नाही म्हणता आलं नाही तो सेक्रेटरी, एवढीच त्या पदाची पात्रता. महिन्यातून एकदा विद्यापीठातली वर्गखोली मागून घ्यायची, कोणाला तरी व्याख्यानाला पकडायचं, सभासदांना ईमेल धाडायचे आणि पिझ्झा मागवायचा. अशा संस्था तुम्हीही पाहिल्या असतील. कागदावर सभासद भरपूर, खोलीत पंधरा, आणि त्यातले सहा विद्यार्थी फक्त पिझ्झासाठी आलेले.

अशा एका संध्याकाळी, २००१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर, मी तासभर आधी खोली उघडायला गेलो तर दाराबाहेर हे गृहस्थ उभे. पन्नाशीचे, अंगात भारतात शिवलेला सूट, त्यावर दोन मापं मोठं विंटर जॅकेट. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. नागपूरकडे वीज बोर्डात बावीस वर्षं नोकरी, आधी सबस्टेशनवर, मग लोड डिस्पॅचला, म्हणजे राज्यभरातली वीज कुठून कुठे सोडायची हे जिथे ठरतं तिथे. मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून इकडे आलेले. ब्रॅम्पटनला बेसमेंटमध्ये राहत होते आणि एका वेअरहाऊसमध्ये खोकी उचलत होते.

"टेम्पररी आहे ते," त्यांनी लगेच सांगितलं.

मी त्यांना म्हणालो, "येत जा इथे. ओळखी होतील. इथे सगळं ओळखीनेच होतं." असं आपण कोणालाही म्हणतो. घरी या एकदा, असं म्हणतो ना, तसंच. पण त्यांनी तो शब्द धरून ठेवला. वेअरहाऊसमध्ये विनवण्या करून सकाळची शिफ्ट मागून घेतली आणि दोन बस बदलून ते दर महिन्याला यायला लागले. त्यानंतर एकही सभा त्यांनी चुकवली नाही.

आमच्या सभेची एक रीत होती. सुरुवातीला प्रत्येकाने उभं राहून आपलं नाव आणि कंपनी सांगायची. वर्तुळ फिरत त्यांच्यापाशी आलं की ते कोटाचं मधलं बटण लावून उठायचे, नाव सांगायचे आणि म्हणायचे, "पॉवर सिस्टिम्स. ट्वेंटी टू इयर्स." कंपनीचं नाव यायचं नाही. सगळे अर्धा क्षण वाट पाहायचे आणि मग पुढचा माणूस उठायचा. तो अर्धा क्षण मी दर महिन्याला जमिनीकडे पाहून काढत असे.

नावाच्या बिल्ल्यांचंही तेच. ओंटारिओत लायसन्स असल्याशिवाय कोणी स्वतःला इंजिनिअर म्हणवून घ्यायचं नाही, असा कायदा आहे. लायसन्सवाल्यांच्या बिल्ल्यावर नावापुढे 'पी. इंज.' ही अक्षरं मी छापायचो, त्यांच्या बिल्ल्यावर नुसतं नाव. पहिल्या वेळी त्यांनी बिल्ला उलटून मागे काही आहे का ते पाहिलं होतं.

माणूस मात्र हाडाचा इंजिनिअर. आमच्या खोलीत दर व्याख्यानाला ऐन मध्यावर ब्रेकर पडायचा. प्रोजेक्टर बंद, अंधार, हशा. मग कोणी तरी कॉरिडॉरमध्ये जाऊन ब्रेकर परत चढवायचा. खोलीभर विद्युत अभियंते दोन वर्षं हेच करत होते. त्यांनी दुसऱ्याच सभेत किटलीची वायर कुठे जाते ते पाहिलं, प्रोजेक्टरची कुठे जाते ते पाहिलं, आणि किटली उचलून समोरच्या भिंतीला नेऊन लावली. पुन्हा ब्रेकर पडला नाही. आमचे चेअरमन, एक म्हातारे स्कॉटिश गृहस्थ, त्या दिवसापासून त्यांना 'प्रोफेसर' म्हणायला लागले. ते कोणाला पगार देऊ शकत नव्हते, म्हणून पदवी दिली.

त्यांचं सगळं एका गोष्टीवर अडलेलं होतं. लायसन्ससाठी परीक्षा झाल्या होत्या, कायद्याचा पेपर तर पुस्तक तोंडपाठ करून दिला होता. राहिला होता बारा महिन्यांचा कॅनेडियन अनुभव, तोही लायसन्सधारक इंजिनिअरच्या हाताखाली. आणि नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत लायसन्स आधी मागत. पिझ्झाच्या खोक्यावर पेन्सिलने त्यांनी मला ते काढून दाखवलं होतं. "हा इंटरलॉक आहे, सेक्रेटरीसाहेब. हा ब्रेकर लागल्याबिगर तो लागत नाही, अन् तो लागल्याबिगर हा लागत नाही. असं डिझाइन कोणी केलं तं आम्ही त्याला सस्पेंड करत होतो."

ते हसले, मीही हसलो. त्यांच्या अर्जाची फाइल किती वर्षं उघडी राहील यालाही मर्यादा होती, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

मग २००३ चा ऑगस्ट आला आणि अर्ध्या ओंटारिओची, पलीकडे अमेरिकेतल्याही कितीतरी शहरांची वीज एका दुपारी गेली. त्यावर आम्ही नोव्हेंबरात व्याख्यान ठेवलं. त्या दिवशी इतकी माणसं आली की शेजारच्या वर्गातून खुर्च्या आणाव्या लागल्या. त्या अर्थात त्यांनीच आणल्या. आणि सात वाजता वक्त्याचा फोन आला, की हायवेवर बर्फाचा पाऊस पडतोय, मी परत फिरतोय.

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. मी पिझ्झाकडे पाहिलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून कोटाचं बटण लागलं. "सर, इफ नो ऑब्जेक्शन, मी बोलू का? आम्ही एकदा मेलेली ग्रिड उठवली आहे."

चाळीस मिनिटं ते बोलले. हातात फक्त खडू. सगळं राज्य अंधारात असताना सुरुवात कुठून करायची, धरणावरचं एखादं छोटं जनित्र आधी कसं जागं करायचं, त्याच्यावर किती थोडा भार टाकायचा, आणि घाई केली तर सगळं पुन्हा कसं बसतं. "मंत्र्याचा फोन येतो, हॉस्पिटलचा येतो, सगळे ओरडून राहतात. तुम्ही फोन ठेवायचा. पन्नास सायकल्सच्या काट्याकडे पाहायचं," हे सगळं त्यांच्या नागपुरी इंग्रजीत. त्या खोलीत कोणी पिझ्झाला हात लावला नाही. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की जणू मीच त्यांना शोधून काढलं होतं.

सभा संपल्यावर जवळच्या गावातल्या एका लहान वीज कंपनीचा मॅनेजर त्यांच्यापाशी आला. त्यांच्या कंट्रोल रूममध्ये जागा होती. लायसन्सचं नंतर पाहू, आमचे इंजिनिअर आहेत सही करायला, असं तो म्हणाला. त्याने दिलेलं कार्ड ते बसस्टॉपपर्यंत हातातच धरून चालले. मी त्यांना गाडीने घरी सोडतो म्हटलं, तर म्हणाले, "नको, आज बसनेच जातो. थोडं एकटं बसतो."

मुलाखत चांगली झाली. त्यांनी रेफरन्स म्हणून माझं नाव दिलं. या देशात त्यांना जवळून ओळखणारा लायसन्सधारक इंजिनिअर मी एकटाच.

आता जे सांगतो ते मी फार जणांना सांगितलेलं नाही. मॅनेजरचा फोन मला मी नोकरी करत होतो त्या प्लांटमध्ये आला. त्याने विचारलं, तुम्ही यांच्याबरोबर काम केलं आहे का? मी म्हणालो, नाही, आमच्या शाखेच्या सभांमुळे ओळखतो, ते व्यवस्थेत मदत करतात. त्याने विचारलं, दडपणाखाली कंट्रोल रूममध्ये ते कसे वागतील? मी म्हणालो, ते मी सांगू शकत नाही, मी त्यांना कामावर कधी पाहिलेलं नाही.

प्रत्येक शब्द खरा होता. फोन ठेवताना मला आपल्या सचोटीचं थोडं कौतुकही वाटलं. आम्हा इंजिनिअर लोकांची ही खोड आहे. जे स्वतः मोजलं नाही त्याच्याखाली सही करायची नाही. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. वीस वर्षं घासून या गावात माझ्या नावाला थोडी पत आली होती, आणि ती मला दुसऱ्यासाठी पणाला लावायची नव्हती. मी भ्यालो. आठवड्याभरात त्यांना नकाराचं पत्र आलं.

पुढच्या सभेला ते नेहमीसारखे आधी आले. फरशीवरच्या वायरला कोणी अडखळू नये म्हणून तिच्यावर पिवळी टेप लावत होते. मी त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो आणि फोनवर काय बोललो ते सगळं सांगून टाकलं. त्यांनी टेपचं टोक नखाने दाबून बसवलं.

"बरोबरच बोलले तुम्ही," ते म्हणाले. "मीटर लावल्याबिगर रीडिंग लिहायचं नाही. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हेच सांगत होतो."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

जानेवारीत त्यांनी मला कॉफीला बोलावलं. जॅकेटही न काढता म्हणाले, "तुमच्या प्लांटमध्ये मला बिनपगारी घ्या. सुटीच्या दिवशी येतो. काहीही द्या. मोटरी पुसतो."

मी म्हणालो, "इथे तसं चालत नाही हो. इन्शुरन्स असतो, युनियन असते."

"मग नुसतं उभं राहू द्या. तुम्ही काम करा, मी बाजूला उभा राहतो. दोन प्रश्न विचारा मला. तुम्ही एकदा पाहा तं खरं मला. मग कोणी विचारलं तर काय वाटेल ते सांगा."

त्यांचे हात टेबलावर होते. त्यांनी ते टेबलाखाली घेतले. मी ऑफिसात विचारून पाहतो म्हणालो. विचारलंही. नाही म्हणाले. ते नाही म्हणणार हे मला विचारण्याआधी माहीत होतं, आणि मी एकदाच विचारलं.

त्या वर्षी त्यांची फाइल बंद झाल्याचं पत्र आलं. नव्याने अर्ज, नव्याने परीक्षा. हे त्यांनी मला पिझ्झा कापता कापता सांगितलं, आणि लगेच म्हणाले की पुढच्या महिन्याच्या वक्त्याला पार्किंगचा नकाशा पाठवायचा राहिलाय. ते यायचे थांबले नाहीत. ओळखीच्या फेरीत त्यांचा नंबर आला की आता फक्त नाव सांगून खाली बसायचे. व्याख्यानानंतरचं त्यांचं प्रश्न विचारणंही बंद झालं होतं. मला वाटायचं, यांनी एकदा तरी येऊ नये. म्हणजे माझी सुटका होईल.

२००५ च्या फेब्रुवारीत सुटका झाली. शिफ्ट संपवून ते बसस्टॉपवर उभे होते, तिथेच बर्फात कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

फोन त्यांच्या मुलीने केला. मी तिला पूर्वी एकदाच भेटलो होतो. ती इंग्रजीत बोलत होती, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून. "अंकल, आय डिड नॉट नो हू टू कॉल. बाबांच्या रेझ्युमेवर तुमचा नंबर होता. रेफरन्सेसमध्ये. फक्त तुमचाच होता."

मी ब्रॅम्पटनला गेलो. फ्युनरल होमच्या लहानशा खोलीत वहिनी साडीवर जॅकेट घालून बसल्या होत्या. मुलगी फॉर्मसाठी माहिती देत होती आणि टेबलापलीकडचा तरुण गोरा माणूस मऊ आवाजात एकेक प्रश्न विचारून लिहून घेत होता. जन्मगाव. आईवडिलांची नावं. मग त्याने विचारलं, व्यवसाय?

"वेअरहाऊस असोसिएट," मुलगी म्हणाली. त्याने लिहिलं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "बावीस वर्षं..." त्या म्हणाल्या.

मी त्या माणसाला म्हणालो, "ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते."

त्याने पेन थांबवून वर पाहिलं. "आयुष्यात बहुतेक काळ जे काम केलं तेच इथे लिहायचं असतं, त्यामुळे हरकत नाही," तो म्हणाला. "तुम्ही नातेवाईक का?"

"नाही."

"मग त्यांच्याबरोबर काम केलंय तुम्ही?"

"हो," मी म्हणालो. "तीन वर्षं."

त्याने मान डोलावली, आधीचे शब्द खोडले, मी सांगितलेले लिहिले आणि पुढचा रकाना वाचायला घेतला.