काका ओळखण्याची खूण

मला तेव्हा मराठीची पंधरा-वीस वाक्यं येत होती. पाणी द्या. पुरे. भूक नाही. किती लांब आहे. आईनं ती एका वहीत लिहून दिली होती आणि गाडीत मी ती परीक्षेसारखी घोकत आले होते.

आम्ही सिकंदराबादला राहायचो. वडील रेल्वेत. माझी शाळा इंग्रजी, घरात हिंदी, गल्लीत दखनी. मराठी फक्त काकांच्या पत्रांतून घरात यायची. पत्राच्या डोक्यावर ‘जय भीम’ असायचं. वडील ते मोठ्यानं वाचत आणि आम्ही भावंडं तितक्याच मोठ्यानं उत्तर देत असू. न अडखळता मला तेवढंच मराठी यायचं.

त्या उन्हाळ्यात काकांच्या मुलीचं लग्न होतं. वडिलांना रजा उशिरा मिळणार होती, म्हणून सुट्टी लागताच मी आठ दिवस आधी जायचं ठरलं. तिकीट काढलं तेव्हा सगळं शांत होतं. निघायच्या आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून परत तापलं. वडिलांनी तिकीट रद्द केलं नाही, पण स्टेशनवर मला बाजूला घेतलं.

“बसमध्ये कोणी आडनाव विचारलं तर समजत नाही असं दाखव.”

“मला समजतच नाही.”

“मग सोपं आहे. ताडकळसला काका येतील. सहा वर्षांची होतीस तेव्हा पाहिलंस, चेहरा आठवायचा नाही. येऊन जय भीम म्हणेल तो काका. दुसऱ्या कोणाबरोबर जायचं नाही. आणि तू आपण होऊन ते कुठंही म्हणायचं नाही.”

परभणीला वडिलांच्या ओळखीच्या एका गार्डनं मला ताडकळसच्या बसमध्ये बसवून दिलं. शेजारी एक बाई होती, पायांशी लाल मिरचीचं पोतं. बस हलली तशी मला शिंक आली, मग दुसरी, मग थांबेचना. बाई हसायला लागली.

“कुठं जायलीस गं?”

“ताडकळस.”

“कुणाची तू?”

मी खिडकीबाहेर बघितलं. तिनं पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश, “गाव कोणतं? आडनाव काय?”

“मराठी नहीं आती,” मी म्हणाले.

“अगं बया, हैद्राबादची दिसायलीय!” तिनं पुढच्या सीटवरच्या बाईला सांगितलं. “निजामाची पोरगी.” दोघी हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मला हायसं वाटलं. माझं अडाणीपण पदरासारखं डोक्यावर ओढून मी बसून राहिले.

मग तिनं फडकं सोडलं, अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. ‘भूक नाही’ हे वाक्य मला येत होतं, पण ते म्हणवलं नाही. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं. तिनं पितळेचा तांब्या पुढं केला आणि मी तो सरळ तोंडाला लावला.

“उष्टा केलास की गं! वरून प्यायचं असतंय,” ती म्हणाली. मी गोरीमोरी झाले. तिनं तांब्या घेतला, पदराच्या टोकानं काठ पुसला आणि उरलेलं पाणी स्वतः प्यायली. “ऱ्हाऊ दे. लेकीसारखी हायेस.”

ते मात्र मला सगळं समजलं. पुढच्या सगळ्या रस्त्यात माझं लक्ष त्या तांब्याकडं होतं.

ताडकळसला बाजार भरलेला होता. काका दिसेनात. बाईनं थांब्याजवळच्या लिंबाखाली पोतं मांडलं आणि मला बाजूला बसवलं. माणसं दोन-दोन, तीन-तीनच्या घोळक्यांत उभी होती आणि एक घोळका दुसऱ्याशी बोलत नव्हता. मी येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या ओठांकडं बघत होते.

बऱ्याच वेळानं पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ सायकल ढकलत आले. माझ्याकडं, बॅगेकडं पाहिलं. मग आजूबाजूच्या घोळक्यांकडं पाहिलं.

“चल, बाळ,” ते हळूच म्हणाले. बस, एवढंच.

मी हलले नाही. ते थांबले, पुन्हा म्हणाले, “चल की. उशीर झालाय,” आणि बॅगेला हात घातला. मी बॅग ओढून धरली.

“ओ, कोण हो तुमी?” मिरचीवाली उभी राहिली. “पोरगी का भ्यायलीय?”

“मी काका हाय तिचा.”

“काका हाय अन् पोरगी वळखंना?”

पानाच्या टपरीवरचे तिघे-चौघे जवळ आले. “कोण गावचे, पाव्हणं?” एकानं विचारलं. काकांनी गाव सांगितलं. “नाव?” काकांनी नुसतं नाव सांगितलं. “पुरं सांगा की. आडनाव नसतंय का तुमच्यात?” कोणीतरी हसलं. दुसऱ्यानं सायकलचं हँडल धरलं. “पोरी पळवायला बाजारच गावला का?”

मी मागं सरले, तर हा माणूस मार खाणार होता. पुढं झाले आणि तो काका नसला तर? त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले, आधी डावी काच, मग उजवी, मग पुन्हा डावी. साहेब घरी आले की वडील अगदी असंच करायचे. तेव्हा मला कळलं, हे गृहस्थ ते शब्द का म्हणत नव्हते.

आज वाटतं, “हो, हेच काका” एवढ्यानं भागलं असतं. पण खात्री करायला माझ्याजवळ एकच खूण होती, आणि ती म्हणू नको असं बजावलेलं होतं.

मी हात जोडले. “जय भीम, काका.”

आवाज शाळेत हजेरी देताना निघतो तेवढाच निघाला. तरी टपरीपर्यंत गेला असावा, कारण तिथलं बोलणं थांबलं. हँडल धरलेल्या माणसानं माझ्याकडं पाहिलं, मग काकांकडं. काकांनी चष्मा घातला.

“जय भीम, बाळ,” ते म्हणाले. हळू नाही, पत्रातल्यासारखं मोठ्यानं.

त्या माणसानं हँडल सोडलं, पण वाट लगेच दिली नाही. काकांनी बॅग कॅरियरला बांधली. दोरीची गाठ तीनदा सुटली.

मला मिरचीवालीकडं बघायचं होतं आणि बघवत नव्हतं. तीच म्हणाली, “सांगायचं न्हाई का गं आधी?” ती कशाबद्दल विचारत होती, काकांच्या की तांब्याच्या, तेवढं मराठी मला येत नव्हतं. आता येतं, तरी सांगता येत नाही. मग ती त्या माणसावर खेकसली, “वाट सोड की रे, ऊन लय हाय. पोरीला जाऊ दे.”

तो बाजूला झाला.

काका बराच वेळ सायकल हातात धरून चालत होते. “मागं बघू नको,” ते म्हणाले.

मी बघितलं. मिरचीच्या पोत्यापाशी ती नव्हती. हापशावर उकिडवी बसून मूठभर मातीनं तांब्या घासत होती. पाणी भरायच्या आधी सगळेच घासतात. ती किती वेळ घासते ते मला बघायचं होतं, पण काकांनी सायकल गल्लीत वळवली.