दौलतची कैची

मे महिना लागला की नायगावच्या चाळीतली अर्धी बिऱ्हाडं कोकणात आंबे खायला जात. उरलेल्यांनी गॅलरीत कॅरम कुटायचा, दादरच्या चौपाटीवर डुंबायचं, राणीच्या बागेत माकडांना वेडावून दाखवायचं, बर्फाचा गोळा चोखत हिंडायचं आणि रविवारी संध्याकाळी मैदानात हुतुतू बघायला गर्दी करायची. मुंबईचा उन्हाळा असा फुकटात भोगायचा असतो. घामाला भिणाऱ्याने इथे राहूच नये.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात दौलतने यातलं काहीच भोगलं नाही. त्याच्या डोक्यात सूड होता, आणि सूड डोक्यात असला की गोळासुद्धा गोड लागत नाही.

आदल्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात राजाराम नावाच्या शिपायाने त्याच्या डाव्या हातावर काठी घातली होती. दौलत तेव्हा हात जोडून बाजूला उभा होता. दोन बोटं कायमची ताठली. गिरणीत मागावर तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारावी लागते. ती मारता येईना, तेव्हा चांगल्या विणकराला गठ्ठे ओढायला लावलं. राजाराम मात्र पोलिसांच्या हुतुतू संघात मांड्या थोपटत मिरवत होता.

"अहो, पोरांना एकदा चौपाटीवर तरी न्या," बायको शेवंती म्हणाली.

"त्याचा पाय मोडतो, मग नेतो."

"कुणाचा पाय?"

"तू वाढ गप."

हाताची पकड गेली म्हणून त्याने पायांची कमावली. चढाईला आलेल्या गड्याच्या पायांत आपले पाय अडकवून त्याला आडवा करायचा, त्याला कैची म्हणतात. महिनाभर तो शेजारच्या आनंदावर कैची घोटत होता. आनंदा बिचारा लंगडायला लागला, पण चाळीची इज्जत म्हणून सोसत राहिला.

शेवटच्या रविवारी चाळ विरुद्ध पोलीस असा सामना लागला. पुढे खुर्चीत खुद्द फौजदारसाहेब बसले होते. गुण बरोबरीत असताना राजाराम "हुतुतुतु" करत चढाईला आला आणि दौलतने कैची मारली. राजाराम कोसळला. घोटा असा सापडला होता की एक पीळ दिला असता तर लाकडासारखा वाजला असता. राजारामचे डोळे पांढरे झाले, तरी "हुतुतुतु" चालूच.

तेवढ्यात दौलतची नजर फौजदारावर गेली. हाड काय, जुळतं. हातचं गेलेलं काम जुळत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तो राजारामच्या कानाशी पुटपुटला, "झालाच पाहिजे म्हण. सोडतो."

हुतुतूत एकदा धरलेला शब्द बदलला की दम तुटला, गडी बाद. आणि शिपायाने ही घोषणा दिली की पट्टा गेला. राजारामने खुर्चीकडे पाहिलं, छाती भरून घेतली आणि ओरडला, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" दौलतने एकदाच म्हणायला सांगितलं होतं. हा पठ्ठ्या तीनदा ओरडला, आणि शेवटच्या दोन वेळी दौलतची कैची केव्हाच सुटली होती.

मैदान पेटलं. फौजदार खुर्ची लोटून निघून गेले. सामना चाळीने जिंकला, पण खांद्यावर कुणाला घेतलं? राजारामला! दौलत धूळ झटकत एकटाच उभा राहिला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

आठवड्याभरात राजारामची नोकरी गेली, पोलीस लाइनीतली खोली गेली. दौलतला हे ऐकून दोन घास जास्त गेले. पण ते पचायच्या आतच चाळीने त्या माणसाला राहायला खोली बघून दिली, पुढच्या वर्षी आपल्या संघात घ्यायचं ठरवलं आणि सत्कारही ठेवला. हार कुणी घालायचा? ज्याच्या पकडीतून ही गर्जना निघाली त्याने, असं सर्वानुमते ठरलं. दौलतला नाही म्हणता येईना. कारण सांगितलं असतं तर सगळा डावच उघडा पडला असता.

टाळ्यांच्या गजरात त्याने दोन ताठ बोटांवरून हार राजारामच्या गळ्यात सरकवला. राजारामचे डोळे भरले. "त्या दिवशी वरून हुकूम होता रे, दौलत," तो हळूच म्हणाला. "पण तुझा हात मी विसरलो नाही. माफ कर."

दौलतने हार नीट केला, लोकांकडे बघून हसला आणि त्याच्या कानाशी वाकला.

"आमच्या संघात येऊ नकोस," तो म्हणाला. "पुढच्या मे महिन्यात समोरूनच ये."