कॉडच्या कानातला खडा

मी कॉड माशांची वयं मोजतो. काय करता, असं कुणी विचारलं की एवढंच सांगून मी गप्प बसतो, कारण पुढचं ऐकलं की लोक खुर्ची जरा लांब सरकवतात. कॉडच्या डोक्यात, कानाच्या जागी, चिंचोक्याएवढे दोन पांढरे खडे असतात. झाडाच्या खोडात असतं तसं त्यांत दर वर्षी एक वलय वाढतं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लॅबमध्ये बसून मी ते खडे मधोमध तोडतो आणि भिंगाखाली धरून वलयं मोजतो. समुद्रात म्हातारे किती, तरणे किती, हे त्यावरून कळतं, आणि यंदा किती मासे धरू द्यायचे ते ठरवायला मदत होते. त्यातून मी मूळचा नागपूरचा. आमच्याकडे समुद्र नाही, तलाव आहे, आणि त्याच्या काठी लोक भुट्टे खायला जातात.

अशा माणसाचं लग्न जमणं अवघडच. तरी ते जमत आलं होतं. ती लेस्टरमध्येच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट. बर्मिंगहॅमच्या विहारात जयंतीच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडताना आमची ओळख झाली. तिच्या आईबाबांना मी पसंत होतो. राहिली होती फक्त आजी.

आजी, म्हणजे तिच्या बाबांची आई, रत्नागिरीकडच्या. लेस्टरमध्ये आयुष्य गेलं, पण जिभेनं किनारा सोडला नव्हता. दर रविवारी सकाळी त्या पंचशील म्हणायच्या, त्यातलं पहिलं शील प्राणिहत्या न करण्याचं, आणि दुपारी मासे. कुणी टोकलं की म्हणायच्या, "मी कुठं मारला? मारलेला आणला." माणूस माशाचं डोकं कसं खातो त्यावरून त्याचं घराणं कळतं, असं त्यांचं ठाम मत. थोरल्या नातीच्या नवऱ्यानं पहिल्या भेटीत केचप मागितला होता. त्याला आता दोन मुलं आहेत, पण आजींच्या लेखी तो अजून 'केचपवाला'च आहे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मला जेवायला बोलावलं. स्टेशनवरून घरी जाताना ती गाडी चालवत तिच्या लेस्टरच्या मराठीत म्हणाली, "हे बघ, आजीचा मत फायनल असतो. ती जे देईल ते खा. आणि प्लीज, नो लेक्चर."

मी हो म्हटलं. एक गोष्ट मात्र तिला सांगायची राहून गेली. मी कॉड खात नाही. उत्तरेकडच्या थंड समुद्रातला खायला हरकत नाही, हे मीच लोकांना सांगतो. पण दिवसभर ज्यांची वयं मोजायची, त्यांनाच संध्याकाळी चिप्सबरोबर खायचं, हे माझ्याच्यानं होत नाही.

घरात शिरताच कालवणाचा वास आला. आजी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. गेल्या वर्षी पडल्यापासून त्यांना तिथं खुर्ची मिळाली होती आणि गॅसला हात लावणं बंद झालं होतं. खुर्चीतून त्या हुकूम सोडायच्या आणि सूनबाई, म्हणजे तिची आई, ओठ मिटून कालवण ढवळायच्या.

मला पाहून आजी म्हणाल्या, "नागपूरकरा, तुझ्यासाठी मुद्दाम सांगितलं. मार्केटमधला सगळ्यात मोठा कॉड आण म्हटलं, अख्खा. ज्याच्यावर तुझं पोट चालतं तोच तुला घालायला नको?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

जेवायला बसल्यावर बाजूला तळलेल्या गाभोळीची, म्हणजे माशाच्या अंड्यांची, ताटली आली आणि माझ्यासमोर डोकं. ताटभर डोकं, हनुवटीखाली ती एकच मिशी, आणि चेहऱ्यावर ऑफिसमधला ओळखीचा माणूस भलत्याच ठिकाणी भेटल्याचा भाव. चारजण माझ्या हाताकडे बघत होते. मी खरं सांगतो, मी खाणार होतो. प्रेमापुढे तत्त्वं टिकत नाहीत, निदान माझी तरी. मी जेवायचा काटा उचलला, डोक्याच्या मागच्या बाजूला घातला, आणि हातानं इतकी वर्षं रोज जे केलं तेच केलं. अलगद कवटी उघडली, दोन्ही खडे काढले, पुसले आणि ताटाच्या कडेला ओळीनं मांडून ठेवले.

आजी ताटावर वाकल्या.

"हे काय?" आजींनी विचारलं.

"कानातले खडे," मी म्हणालो. "सवयीनं निघाले, आजी. यावरून वय कळतं."

"मग सांग."

मी एक खडा मोडून उजेडात धरला, पण वलयं नीट दिसेनात. तोडलेली बाजू जरा भाजली की ती उठून दिसतात, असं मी बोलून गेलो. आजी उठल्याच. "भाजायचं काम मला येतं." सूनबाई आडव्या आल्या, तोवर आजींनी चिमटा घेऊन गॅस पेटवलाही होता. खड्याला कालवणाचा मसाला चिकटलेला होता, त्याचा असा खकाणा उठला की स्मोक अलार्म किंचाळायला लागला. तिचे बाबा स्टुलावर चढून टी टॉवेलनं वारा घालू लागले. आजींनी ढुंकून पाहिलं नाही. पेपर वाचायचं भिंग आणवलं आणि आम्ही दोघं खिडकीपाशी डोकं लावून बसलो.

"दहा," आजी म्हणाल्या.

"नऊ, आजी. ते मधलं खोटं वलय आहे, वर्षाचं नाही."

"खोटं कसं? मला दिसतंय."

लॅबमध्येही एकच खडा दोघंजण वाचतात, म्हणजे वलयं मोजतात, आणि असेच भांडतात. तिसऱ्या वाचनाला आजी नऊवर आल्या. मग त्यांची नजर गाभोळीकडे गेली.

"म्हणजे म्हातारीच."

आम्ही टेबलापाशी परतलो, आणि मी लेक्चर दिलं. म्हटलं, पहिलटकरणीची अंडी थोडी आणि नाजूक. म्हातारी मोठी मादी लाखो अंडी घालते, तीही दणकट. समुद्र कोमट होतोय, कॉडला तर थंडच पाणी लागतं, पिल्लांना वेळेवर खाणं मिळत नाही. अशा दिवसांत जी काही पिल्लं तगतात, त्यांत या म्हाताऱ्यांचा मोठा वाटा असतो. टेबलाखालून माझ्या पायावर लाथ बसली.

आजी सुनेकडे वळल्या. "ऐकलंस?"

सूनबाई भाताकडे बघत राहिल्या.

"तुमच्या समुद्रात अशा म्हाताऱ्या किती उरल्यात?" आजींनी मला विचारलं.

"इथल्या पाण्यात फार थोड्या."

त्यांनी मान वर करून स्टुलाकडे पाहिलं. मग लेकाला म्हणाल्या, "आणि तू हीच उचलून आणलीस." तो स्टुलावरून म्हणाला, "आई, तूच सांगितलंस, सगळ्यात मोठा." तेही खरं होतं, म्हणून त्यांना आणखी वाईट वाटलं. त्यांनी माझं ताट स्वतःकडे ओढलं.

"म्हातारीला वाया घालवायचं नाही. ही मी खाते. याला आमलेट दे."

मी निमूट आमलेट खाल्लं. लग्न आता बारगळलं असं मी धरून चाललो होतो. समोर आजी डोकं खात होत्या, सावकाश, एकेक हाड स्वच्छ करून. शेवटी हात धुऊन आल्या आणि नातीला म्हणाल्या, "कवटी उघडली, पण एक हाड मोडलं नाही यानं. पुढच्या रविवारी घेऊन ये. कॉड या घरात आता बंद. बांगडा करू. मी करणार, गॅसपाशी उभी राहून."

मला वाटलं, आता वाद होणार. पण सूनबाई उठल्या, स्वयंपाकघरातली ती खुर्ची उचलली आणि बाहेर जेवणाच्या टेबलापाशी नेऊन ठेवली.

नातीनं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. बांगड्याचंही हल्ली काही बरं चाललेलं नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"चालेल, आजी," मी म्हणालो.