वहिनी बसल्या की बिल पास

टॉकीजच्या खुर्च्या बनवणाऱ्या काकांनी आयुष्यभर लोकांना आरामात बसवलं. उतारवयात त्यांनाच कोर्टाच्या बाकावर बसायची वेळ आली, तीही त्याच टॉकीजच्या मालकाविरुद्ध. बाकाच्या पाठीचा कोन चुकला होता. काकांनी ते वकिलाला दोनदा सांगितलं.

थोरल्या मालकांच्या काळी कारभार सोपा होता. नव्या खुर्च्या लागल्या, की मालकीणबाई दुपारच्या खेळाला येऊन बसत. अंधारात कोऱ्या रेक्झिनचा वास, मागे जीव मुठीत धरून उभे काका. मध्यंतरापर्यंत बाईंनी चुळबूळ केली नाही, तर बिल पास. एकदा मात्र त्या उठून म्हणाल्या, "भावजी, स्प्रिंग टोचतेय. ह्यांना नाही कळायचं, हे पहिल्या गाण्यालाच घोरतात." काकांनी निमूटपणे अख्खी रांग उसवली. राग कुणालाच आला नाही.

मालक गेले आणि मुलाने छापील करार आणला. भांडण झालं तर दोघांच्या संमतीने लवाद नेमायचा, असं त्यात होतं. काकांनी ते वाचलं नव्हतं, मुलानेही. पुढे खुर्च्या कडक आहेत म्हणून त्याने शेवटचं बिल अडवलं. त्याच पैशातून कारागिरांची देणी भागवून काकांना दुकान मिटवायचं होतं. लवादाच्या नावावर एकमत होईना, म्हणून प्रकरण कोर्टात आलं.

"तुमच्याकडून कुणाचं नाव?" न्यायाधीशांनी विचारलं.

वकिलाने तोंड उघडण्याआधीच काका म्हणाले, "वहिनींचं."

"कोण वहिनी?"

"ह्याची आई."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "समोरच्या पक्षाची लेखी संमती असेल, तरच."

मुलगा ताडकन उठला. "माझी हरकत आहे. आई त्यांचीच बाजू घेईल."

मग कोर्टाने गावातलेच एक निवृत्त न्यायाधीश सुचवले. त्यांचं निवेदन वाचून दाखवण्यात आलं: दोन्ही पक्षांशी ओळख नाही, खुर्च्यांच्या धंद्याशी संबंध नाही, सदर टॉकीजमध्ये आजवर एकही चित्रपट पाहिलेला नाही.

"एकही नाही?" काका पुटपुटले.

"म्हणून तर चालतात," वकील म्हणाला.

पलीकडे मुलगाही आपल्या वकिलाच्या कानाशी लागला होता. "हयात ह्याच गावात गेली, आणि एकही नाही?"

त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. वर्षभरात दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"कुणाची काही हरकत?" न्यायाधीशांनी विचारलं.

कायद्यात बसेल अशी हरकत दोघांकडेही नव्हती. नेमणूक झाली.