भाऊजींची मागे पडणारी पेटी

अख्ख्या नाशिक रोडमध्ये स्वतःच वाजवलेल्या सुराची वाट बघत बसणारा माणूस एकच, आमच्या नणंदेचे यजमान. आजारपणानंतर त्यांचा डावा हात मांडीवर पडून असतो. पेटीचा भाता हलवता येईना, म्हणून लेकीने त्यांना लॅपटॉपला जोडायचा छोटा कीबोर्ड आणून दिला. पट्टी दाबली की लॅपटॉपमधून पेटीचा आवाज येतो, पण येतो तो उशिरा. "वहिनी, दाबतो इथे आणि वाजतं पिंपळगावला!" असं भाऊजी म्हणायचे.

शुक्रवारच्या आमच्या बायकांच्या भजनात पेटी कायम त्यांचीच. पण भजनी मंडळ चालवणाऱ्या मावशी स्पष्ट बोलणाऱ्या. "काका, आमचं कडवं संपतं तवा तुमचा सूर येतो. महिनाभर बघू, नायतर दुसरा पेटीवाला आणू." त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली. घरातला एकुलता टेबलफॅन लॅपटॉपकडे तोंड करून, आणि भाऊजी घामाघूम. लॅपटॉपला ते अहोजाहो करतात. "आता तरी ऐका आमचं," असं त्याला म्हणताना मी स्वतः ऐकलंय. मी चौथी शिकलेली, म्हणून मला सगळं स्वयंपाकाच्या भाषेत समजावायचे. बफर नावाचं काहीतरी असतं. ते कमी केलं की मोहरीसारखा आवाज तडतडतो, वाढवलं की सूर आणखी मागे. शेवटी त्यांनी स्वतःच उपाय काढला. सूर उशिरा येतो ना, मग बोटच आधी टाकायचं! महिनाभर तोच सराव. मी टाळी द्यायची आणि त्यांनी टाळीच्या आधी पट्टी दाबायची.

नेमकं शेवटच्या शुक्रवारी दुपारी ते ओरडले, "अहो, ड्रायव्हरच चुकीचा आहे! दुसरा घेतो." नणंदबाई आतून म्हणाल्या, "चहा टाकू का त्याच्यासाठी?" दुसरा ड्रायव्हर चहा न घेताच लॅपटॉपमध्ये बसला, आणि सूर दाबल्याबरोबर वाजला. भाऊजी कितीतरी वेळ एकच पट्टी दाबत राहिले.

संध्याकाळी भजन सुरू झालं. यंत्र सुधारलं होतं, पण बोटाला आधी पडायची सवय लागलेली. भाऊजी सगळ्यांच्या पुढे! मावशींनी मान वर केली. मला वाटलं, झालं आता. त्यांनी भाऊजींच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं, आमच्यावर डोळे वटारले आणि टाळ जलद केले. आम्ही सगळ्या गात गात त्यांच्या सुरामागे पळत सुटलो. आरतीपर्यंत धाप लागली.

घरी येताना भाऊजी म्हणाले, "बघितलंत वहिनी? एकदाही मागे पडलो नाही."

"नाही पडलात, भाऊजी," मी म्हटलं.

दुसऱ्या पेटीवाल्याचं नाव मग कुणी काढलं नाही. नवीन बाई आली की मावशी तिला कानात सांगतात, "काकांच्या मागं चालायचं." हल्ली एखाद्या शुक्रवारी भाऊजींचं बोट थकतं, सावकाश पडतं. मग मावशी टाळ हळू करतात, आणि आम्हीही हळू होतो.