मालिनीताईंचा दुसरा नारळ

बुरोंडीच्या मच्छीमार सोसायटीच्या शाखेत मालिनीताई बावीस वर्षं डिझेलच्या चिठ्ठ्या देत होत्या. चिठ्ठीशिवाय होडी हलायची नाही, आणि बाईंनी कधी कुणाला ताटकळवलं नव्हतं. मग रत्नागिरीच्या मुख्य कचेरीने दोन्हीकडे मिळून एकच सॉफ्टवेअर आणलं. नोंदी रत्नागिरीच्या कॉम्प्युटरवर, बाई बुरोंडीत, आणि मधली इंटरनेटची लाइन इतकी रडकी, की एक होडी पडद्यावर उमटेपर्यंत चहा उकळून आटायचा. दारात रांग आणि रांगेत शिव्या. शेवटी कमिटीचं पत्र आलं: नारळी पौर्णिमेपर्यंत सुधारलं नाही तर शाखा बंद. म्हणजे एका चिठ्ठीसाठी होडीवाल्यांनी रत्नागिरी गाठायची, अख्खा दिवस मोडायचा.

मुख्य कचेरीतला कॉम्प्युटरवाला गुरुप्रसाद आजवर फोनवरच भेटायचा. या वेळी पठ्ठ्या एसटीने थेट आला. "तुम्ही तुमचं काम करा, मी नुसता बघतो," म्हणाला आणि दिवसभर शेजारी बसून राहिला. संध्याकाळी त्याने विचारलं, "ताई, होड्यांचे एवढाले फोटो कशाला?"

"अरे, गावात सात 'एकवीरा' आहेत! नावावरून ओळखायची कशी? मीच हट्टाने टाकून घेतले."

बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. दर चिठ्ठीला गावातल्या सगळ्या होड्यांचे फोटो रत्नागिरीहून त्या लाइनीतून येत होते. बाईंनी कपाळाला हात लावला. आपल्याच हट्टाने शाखा बुडत होती.

"हट्ट बरोबरच होता," गुरुप्रसाद म्हणाला. "फोटो इथेच, तुमच्या कॉम्प्युटरवर ठेवू. लाइनीवरून फक्त नंबर आणि लिटर जातील."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या दादूने तंबाखू मळून तोंडात टाकायच्या आत त्याची चिठ्ठी बाहेर आली. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सोडे बांधून दिले, तर गुरुप्रसाद संकोचून म्हणाला, "ताई, आमच्याकडे मासे चालत नाहीत."

"मग मी तुला देऊ तरी काय रे बाबा?"

नारळी पौर्णिमेला मालिनीताई किनाऱ्यावर दोन नारळ घेऊन आल्या.

"दुसरा नारल कोनाचा गो बाय?" दादूने विचारलं.

"रत्नागिरीच्या गुरुप्रसादचा. त्याच्या घरचं कोणी दर्यावर जात नाही. मग त्याचा नारळ कोण वाहणार?"

दादूने हात पुढे केला. "दे इकडं. त्यो मी वाहतंय."